पौषातलं रेशीम: गुलमंडी, बदनापूर, पैठण, अजिंठा

गुरुवार

लातूरहून सकाळची एसटी धरली. बरोबर शाळेतली मैत्रीण. दोघी चित्रकलेच्या शिक्षिका, दोघींनी किरकोळ रजा टाकलेल्या. अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई असा नेहमीचा रस्ता. पौषात या रस्त्यावर गाडी चालते ती उसाच्या ट्रॉल्यांच्या मर्जीने. छत्रपती संभाजीनगरला उतरलो तेव्हा दिवस कलला होता आणि मावशी फाटकातच उभी होती.

या फेरीचं निमित्त मावशीच. तीही चित्रकलेची शिक्षिका, आता निवृत्त. तरुणपणी शांतिनिकेतनात राहून बाटिक, म्हणजे मेणाने झाकून कापड रंगवणं, शिकून आलेली. तिथे बाटिक रुजलं ते १९२०च्या दशकात. १९२७ साली रवींद्रनाथ जावा-बालीला जाऊन आले तेव्हा त्याला आणखी बळ मिळालं. आम्ही दोघी सुती कापडावर बाटिक करतो, मुलांकडूनही रुमाल करून घेतो. रेशमाला मात्र हात लावला नव्हता. सुती रुमाल बिघडला तर फडकं होतं. रेशमाचं फडकं करायची आपली ऐपत नाही.

जेवताना मावशीने पहिलाच प्रश्न टाकला, "काढणार काय त्यावर?" गणपती, मैत्रीण म्हणाली. मी वारली म्हणाले. मावशीने आमच्याकडे असं पाहिलं की आम्ही दोघींनी भाकरीवर लक्ष दिलं.

शुक्रवार

गुलमंडीत रेशीम शोधायला. "प्युअर आहे ताई, डोळे झाकून घ्या," हे वाक्य दुकानोदुकानी ऐकलं. मावशी डोळे झाकत नाही. ती कापडाच्या कडेचा एक धागा उपसते, बाहेर पायरीवर येते आणि काडी लावते. रेशमाचा धागा ज्योतीपासून आखडतो, केस जळाल्यासारखा वास येतो, मागे काळी राख राहते आणि ती चिमटीत चुरते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. एका दुकानात ‘प्युअर’च्या धाग्याची टणक गोळी झाली. मावशीने ती गोळी काउंटरवर ठेवली, काही न बोलता. दुकानदारही काही बोलला नाही. पुढच्या दुकानात खरं मिळालं: पांढरं, मऊ, अंगावरून पाण्यासारखं घसरणारं. ऑर्गन्झाही रेशमाचंच होतं, पण मावशीने ते नको म्हटलं. त्यातला डिंक काढलेला नसतो म्हणून ते कडक राहतं, आणि रंगही वेगळा धरतं.

मेण काष्ठौषधीच्या दुकानात. मधमाशांचं मेण पिवळट, नखाने खरवडलं की मधाचा मंद वास येतो. पॅराफिन पांढरं, बिनवासाचं, ठिसूळ. दोन्ही घेतली, आणि थोडी राळ. जावामधले कारागीरही मेणात राळ घालतात. मेण कापडाला नीट धरून राहतं. रंग मात्र आमचे नेहमीचे चालणार नव्हते. सुती कापडाला आपण सोड्यात रंगवतो. रेशीम म्हणजे प्रथिन, लोकरीच्या जातीचं. तीव्र सोड्यात ते खराब होतं, झळाळी जाते. त्याला लागतात ते ॲसिड रंग. नावाने घाबरायचं कारण नाही, व्हिनेगर आणि वाफ एवढंच त्यांचं ॲसिड.

दुपारी कापड साध्या साबणाच्या कोमट पाण्यातून काढलं. दुकानातल्या कापडावर फिनिशिंग असतं, ते गेल्याशिवाय रंग सारखा चढत नाही. सावलीत वाळत घातलं. ओलं रेशीम दोरीवर फडफडत होतं आणि शेजारच्या काकू गच्चीवरून विचारत होत्या की कुणाचं लग्न आहे.

शनिवार

दिवसभर घराबाहेर पाऊल टाकलं नाही.

लाकडी चौकटीवर कापड ताणायचं, बारीक टोकाच्या पिनांनी, चारी बाजूंनी सारखं. खालचा भाग कशालाही टेकता कामा नये, नाहीतर मेण खालच्या टेबलाला धरतं. मेणाचं भांडं थेट जाळावर नाही. मावशी पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवून मेण वितळवते. जाड सुती कापडाला एवढी उष्णता कमी पडते, मेण आरपार जात नाही, मग उलट्या बाजूनेही लावावं लागतं. रेशीम पातळ, एका बाजूचं मेण पाठीवर दिसतं. मेणातून धूर येऊ लागला तर ते तापून पुढे गेलं, भांडं उतरवायचं आणि खिडकी उघडायची. पेटलंच तर झाकण घालायचं, पाणी कधीही नाही. हे तिने आम्हाला इतक्या वेळा सांगितलं की मैत्रीण शेवटी म्हणाली, "मावशी, आम्हीही पोरांना शिकवतो हो."

हत्यार म्हणजे चांतिंग. बांबूची मूठ, तिच्या टोकाला अंगठ्याच्या पेराएवढी तांब्याची वाटी, वाटीला खाली वाकलेली बारीक नळी. वाटी मेणात बुडवायची, कापसाच्या चिंधीवर नळी टिपायची आणि चिंधी हातातच धरून चौकटीपर्यंत न्यायची, कारण वाटेत थेंब पडतोच. नळी तुंबली की फुंकर. मग रेघ. हात थांबला की तिथे गाठ. हात घाईत गेला की रेघ तुटते, आणि रेशमात रंग इतका झरझर पसरतो की तुटलेल्या रेघेतून तो शेजारच्या घरात गेलेलाच असतो.

मेण बरोबर तापलंय की नाही हे रेघच सांगते. कापडात शिरून रेघ अर्धपारदर्शक, ओली दिसली तर बरोबर. पांढुरकी होऊन वर बसली तर थंड. तिच्याखालून रंग शिरणार. दोन्ही कडांना पसरली तर जास्त गरम. पौषातल्या थंडीत वाटीतलं मेण चौकटीपर्यंत जाता जाता निवतं, म्हणून मावशीने चौकट शेगडीच्या अगदी अंगाशी मांडली होती. उलट होळीनंतर ती हे काम बंदच करते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पॅराफिन मऊच राहतं, आणि शेगडीपाशी बसवतही नाही.

सगळ्यात अवघड आहे ते डोकं उलटं चालवणं. कागदावर आपण जिथे रंग हवा तिथे रंग लावतो. इथे जिथे रंग नको तिथे मेण लावायचं. जे पांढरं राहायचं ते आधी झाकायचं. मग पिवळा. जे पिवळं राहायचं ते झाकायचं. मग लाल, तो पिवळ्यावर बसून केशरी होतो. मग तपकिरी, काळा. फिकटाकडून गडदाकडे, आणि मागे फिरायची सोय नाही. निळा मात्र या रांगेत मावत नाही. लाल-केशरीवर निळा टाकला की मळकट तपकिरी होतो. सुती कापड रंगाच्या बादलीत बुडवताना हा मोठाच पेच असतो. रेशमावर ब्रशने रंग भरता येतो, म्हणून मेणाच्या बंद कुंपणात निळा हवा तिथेच आणि हवा तेवढाच सोडता येतो. रेशमावरचं बाटिक हे रंगवणं कमी आणि चित्र काढणं जास्त वाटतं ते यामुळेच. ते मला दुपारपर्यंत पटलं.

संध्याकाळी तड्यांवरून वाद झाला. मेण गार करून कापड चुरगाळलं की मेणाला तडे जातात, त्यात गडद रंग शिरतो आणि जाळी उमटते. पॅराफिन जास्त तेवढे तडे जास्त. आपल्याकडे गिऱ्हाईक ही जाळी पाहूनच बाटिक ओळखतं. जावाच्या उत्तम कामात मात्र तडा हा दोष. तिथे मेण लवचिक ठेवतात, कारण सगळा मान रेघेला असतो. त्या इंडोनेशियन बाटिकला युनेस्कोने २००९ साली सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. मावशी जावाच्या बाजूची. "तडे पाडायला काय लागतं? मूठ." मैत्रिणीला जाळी आवडते. माझं मत असं की पार्श्वभूमीला जाळी शोभते, चेहऱ्यावर आली की माणूस आजारी दिसतो. रात्रीपर्यंत कुणी कुणाचं ऐकलं नाही.

रविवार

मैत्रिणीचे चुलत दीर बदनापूर तालुक्यात तुती लावतात. "रेशमावर चित्रं काढता आणि रेशीम कुठून येतं ते पाहिलं नाही का वहिनी?" असं ते फोनवर म्हणाले होते, म्हणून जालना रस्त्याला लागलो.

शेडमध्ये शिरायच्या आधी पाय निर्जंतुकीच्या पाण्यात बुडवायचे. आत रॅकवर रॅक, त्यावर तुतीच्या फांद्या, आणि अळ्या. आमच्या हसण्याला भावजींनी बोट ओठावर ठेवून थांबवलं, "हळू. मोल्टला बसल्यात." अळी पाच अवस्थांतून जाते, मध्ये चारदा कात टाकते, कात टाकताना ती खात नाही आणि तिला हलवायचंही नाही. पलीकडच्या रॅकवरच्या बॅचची शेवटची अवस्था चालू होती. तिथे कान दिला तर पानांवर पाऊस पडावा तसा आवाज, सलग. हिवाळ्यात शेड पंचवीस अंशांच्या आसपास ठेवायला हीटर लावावा लागतो आणि वीज रात्री येते-जाते. जाऊबाई म्हणाल्या, या दिवसांत अळ्यांसाठी उठणं लेकरासाठी उठण्यापेक्षा जास्त होतं.

कोष हातात घेतला. शेंगदाण्याच्या टरफलाएवढा, पांढरा, हलवला की आत कोशित, म्हणजे अळीचं पुढचं रूप, खुळखुळतो. त्यात एकच धागा, हजार मीटरच्या आसपास. खरं तर दोन तंतू, सेरिसिन नावाच्या डिंकाने चिकटलेले. कच्च्या रेशमाच्या वजनाचा जवळपास पाव भाग हा डिंकच असतो. तो साबणाच्या पाण्यात उकळून काढला की मग ती गुलमंडीतली मऊ घसरण येते. परवाच्या ऑर्गन्झात राहिलेला तो हाच.

पूर्वी हे कोष घेऊन शेतकरी थेट कर्नाटकात रामनगरला जायचे. २०१८ साली जालन्यातच कोषांची बाजारपेठ सुरू झाली. "रामनगरच्या रेल्वेत पोत्यावर बसून रात्र काढलेली माणसं आहोत आम्ही," भावजी म्हणाले. मग बांधावर हुरडा भाजला, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. याबद्दल जास्त लिहीत नाही. ज्यांनी खाल्लाय त्यांना कळतं आणि ज्यांनी नाही खाल्ला त्यांनी जानेवारीत यावं.

सोमवार

सोमवारी अजिंठा बंद असतो, म्हणून पैठण.

आधी नाथांची समाधी, मग गोदाकाठ, मग विणकर. एका घरात बसायला मिळालं. पैठणीच्या पदरावरचा मोर छापत नाहीत आणि भरतही नाहीत, तो विणूनच होतो. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी, म्हणजे तिल्ली. विणणारी बाई मोराच्या गळ्यापाशी होती. बोटभर रुंदीच्या पट्ट्यात दहा-बारा तिल्ल्या लोंबत होत्या, एक रंग संपतो तिथे दुसऱ्याला गुंतवून परत फिरवायचा. मी पदर उलटा करून पाहिला. पाठीवरही तसाच मोर, कुठे लोंबणारा धागा नाही.

मी विचारलं, साध्या रेशमी साडीवर मेणाने असा पदर काढला तर? तिने हात न थांबवता सांगितलं, "ताई, आमच्यात रंग सुताला आधी लागतो. कापड झाल्यावर त्याला रंग लावणं म्हंजी..." आणि वाक्य तसंच सोडून दिलं. रेशीम कुठलं, तर बंगळुरूचं. काल ज्या कोषांवर बोट ठेवून आलो ते इथून शंभरेक किलोमीटरवरचे; त्यांचे जातभाई कित्येक वर्षं कर्नाटकात जाऊन सूत होऊन पैठणला परतत होते.

सातवाहनांची ही राजधानी. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आपलं धाराशिवकडचं तेर, या दोन्ही बाजारपेठा आहेत. तगरचं कापड भडोच बंदरात जाई. पुढे मध्ययुगात गुजरातचं ठसे मारून, मेणा-मातीने झाकून रंगवलेलं सुती कापड इजिप्तपर्यंत पोचलं, त्याचे तुकडे कैरोजवळच्या जुन्या फुस्तात शहरात सापडले आहेत. मैत्रिणीला बसमध्ये हे सांगत होते तेव्हा ती झोपली होती.

पण त्या बाईचं अर्धं वाक्य डोक्यातून जाईना. तिचं म्हणणं बरोबरच आहे. पैठणीचा मोर मेणाने काढला तर ती नक्कल होते, आणि नक्कल करताना मेणाची स्वतःची गंमत, ती ओली पसरट कड, ते एकातून एक उमटणारे रंग, वाया जातात. मग मराठवाड्यात बसून रेशमावर काढायचं काय? गुरुवारच्या भाकरीवरचा प्रश्न तसाच राहिला होता.

मंगळवार

फर्दापूर फाट्यावरून बसने लेण्यांच्या पायथ्याशी. स्टॉलवर लेण्यातला प्रसिद्ध बोधिसत्त्व पद्मपाणी: कीचेनवर, टीशर्टवर, रेशमी कापडावर, जाळीदार तड्यांसकट. मावशी बरोबर आली होती. तिच्या स्वतःच्या दिवाणखान्यातही बाटिकचा एक पद्मपाणी आहे. मी नुसतं तिच्याकडे पाहिलं. "विशीत केला होता," ती म्हणाली, "विशीत सगळेच करतात."

कड्याला आग्या मोहोळं लटकलेली, खाली सावधगिरीचे फलक. आवाज नको, उग्र वासाची अत्तरं नकोत. शेगडीवरच्या मेणाचे हे चुलत मालक.

पहिल्या लेण्यात गाइड लोकांना पद्मपाणीच्या चेहऱ्यापाशी नेतात, मंद दिवा फिरवतात आणि पुढे काढतात. आम्ही मागे थांबलो. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. मग चेहरा सोडून खाली पाहिलं. पद्मपाणीचं धोतर पट्ट्यांचं आहे: अरुंद पट्टे, मांडीच्या गोलाईबरोबर वळणारे. डावीकडच्या भिंतीवर महाजनक जातक, बुद्धाच्या एका पूर्वजन्माची कथा. तिथली नर्तकी लांब बाह्यांच्या अंगरख्यात. तिच्या आसपास, खांबांच्या आड, दासी-सेवकांच्या कमरेला पट्ट्यांची, ठिपक्यांची, नागमोडी कडांची वस्त्रं. अभ्यासकांना यात बांधणी आणि इकतचे नमुने दिसतात. चित्रकाराने भिंतीवर रंगवलेलं वस्त्र मुळात गाठी बांधून रंगवलं की सुतालाच आधी रंग दिला, हे चित्रावरून छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, हा चित्रकार कापडाकडे किती बारकाईने पाहत होता ते दिसतं. ज्या सेवकाचं नाव जातकातही नाही त्याच्याही धोतराचे पट्टे त्याने चुकवलेले नाहीत.

दुसऱ्या लेण्यात हंसांची रांग आहे. एकही हंस दुसऱ्यासारखा नाही. एक मान मागे वळवून पंख खाजवतोय, एक पुढच्याच्या शेपटीकडे रोखून बघतोय. मावशीने वही काढली. फ्लॅश बंद, पेन्सिल चालते. तिने हंस काढले, मी पट्टे. मैत्रीण सतराव्या लेण्यापर्यंत जाऊन आली आणि म्हणाली की तिथे निळा पाहा. अजिंठ्याचा तो तेजस्वी निळा लाजवर्दाचा, बाहेरून आणलेला दगड. बाकीचे रंग बहुतेक मातीचे आणि दगडाचे. म्हणूनच तो जपून वापरलेला.

१८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात इथे पोचला. तेव्हापासून या चित्रांच्या किती नकला झाल्या असतील, आणि त्यात चेहऱ्यांचा वाटा किती, ते स्टॉलवरच दिसतं. कपड्यांचं कुणी मनावर घेतलेलं दिसत नाही. परतीच्या बसमध्ये आम्हा तिघींचं एकमत झालं. त्या भिंतीवरून रेशमावर काही आणायचं तर कापडावरचं कापडच आणावं, बोधिसत्त्वाला त्याच्या जागी राहू द्यावं.

बुधवार

चौकटीवर स्कार्फाच्या मापाचं रेशीम. आडवे अरुंद पट्टे, त्यातल्या एका पट्ट्यात हंस.

पांढरे ठिपके आणि हंसांची अंगं आधी मेणाने झाकली. हंस मावशीने केले. तिच्या हातून चोचीची रेघ एका दमात येते, वाटी कलंडते आणि सावरते. मग एका बारीक पट्टीला दोन्ही बाजूंनी मेणाचं कुंपण घालून ती निळ्यासाठी राखली आणि बाकी सगळ्यावर पातळ पिवळा. रेशमावर ब्रश टेकला की रंग पुढे पळत जातो आणि मेणाच्या कडेशी थबकतो. त्या कडेवर तो किंचित गडद होऊन बसतो. ही गडद किनार पुसू नये, तीच शोभते. राखलेल्या पट्टीत निळा. पिवळ्याचे पट्टे झाकून केशरी, मग शेवटी काळपट तांबूस. तड्यांचं भांडण एका कडेपुरतं मिटवलं: खालच्या चार बोटं रुंद पट्टीत मैत्रिणीला हवी तशी जाळी, बाकी कापड मावशीचं.

दुपारी मेण काढायचं. खाली-वर जुने कोरे कागद, मध्ये कापड, रेशमाच्या तापमानावर इस्त्री. कागद तेलकट झाला की बदलायचा. ताजं वर्तमानपत्र घेऊ नये, बातमी कापडावर येते. मग स्वच्छ कागदात सैल गुंडाळी करून इडलीपात्रात वाफेला. कागदाला पाणी लागता कामा नये, आणि झाकणाखाली जाड टॉवेल हवा, नाहीतर झाकणाचं पाणी ठिबकून नेमकं हंसावर पडतं. तासाभराने उघडलं. रंग वाफेने असा उजळला की मैत्रीण काही वेळ बोललीच नाही, आणि ती न बोलणं म्हणजे मोठी गोष्ट.

पट्ट्यांच्या कडेला मेणाची तेलकट छाया राहिली होती. इस्त्रीने तेवढी जात नाही. सुती कापड उकळून धुता येतं, रेशीम तसं उकळलं तर रंग आणि झळाळी दोन्हींवर पाणी. म्हणून ड्रायक्लीनिंग, आणि दुकानात आधी सांगायचं की यात मेण आहे. दुकानदाराने स्कार्फ उजेडात धरला, हंस मोजले, "घरी केलं?" असं विचारलं आणि शुक्रवारची पावती फाडली.

आम्हाला रात्रीची लातूर गाडी होती. पावती मावशीच्या हातात दिली आणि कुरिअरने पाठव म्हटलं. तिने पावती बटव्यात ठेवली, बटवा बंद केला आणि म्हणाली की हंस तिने काढलेत, तेव्हा स्कार्फ इथेच राहील. उरलेलं मेण आणि चांतिंग आम्ही घेऊन जावं आणि आमचे हंस आम्ही काढावेत.